खुलताबाद : पाण्याखाली किती दिसतं?

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. खुलताबादला स्कूबा डायव्हिंग होत नाही. तिथे डाइव्ह शॉप नाही, इन्स्ट्रक्टर नाही, भाड्यानं मिळणारे सिलिंडर नाहीत. (बाय द वे, त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो ही एक लोकप्रिय अफवा. साध्या डाइव्हला लागते ती गाळून, दाबून भरलेली आपली नेहमीचीच हवा.) तरीही येत्या एखाद्या वीकेंडला तुम्ही खुलताबादला जा, असं मी म्हणणार आहे. फक्त जाताना डोक्यात एक प्रश्न ठेवा. समोरच्या तळ्यात मी डोकं घातलं, तर मला किती लांबचं दिसेल?

वाटतो तेवढा हा प्रश्न येडचाप नाही. डायव्हर लोकांचं अख्खं जग या एका प्रश्नाभोवती फिरतं. आणि आपल्या पठारावरच्या तळ्यांत तर तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. कसा, ते पुढे येईलच.

'व्हिज' म्हणजे काय रे भाऊ?

आमच्या पिढीचं स्कूबा तारकर्लीला सुरू होतं. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथे २०१५ मध्ये सुरू झालं, आणि आयटीतल्या निम्म्या पब्लिकचा प्रोफाइल फोटो पाण्याखालचा झाला. मीही त्यातलीच. समुद्रात नेण्याआधी पोहण्याच्या तलावात सराव करून घेतात. मास्कमध्ये पाणी शिरलं तर नाकानं जोरात हवा सोडून ते कसं काढायचं, श्वास का रोखायचा नाही, कानातला दाब कसा सोडायचा, हे सगळं तिथे कळतं. आणि रोज सकाळी किनाऱ्यावर एकच चर्चा. 'आज व्हिज किती?'

व्हिज म्हणजे व्हिजिबिलिटी. पाण्याखाली आडवं बघितलं तर किती मीटरवरचा माणूस ओळखू येतो, त्याचं माप. अंदमानला चांगल्या दिवशी वीस मीटरच्या पुढे दिसतं. मालवणला हिवाळ्यातल्या शांत दिवशी पाच-दहा मीटर मिळाले तरी लोक खूश. पावसाळ्यात समुद्र खवळतो, नद्यांचा गढूळ लोंढा येतो आणि डायव्हिंग बंद होतं. डायव्हरची मजा, त्याचा आत्मविश्वास, त्याच्या जोडीदाराचा जीव, सगळं या मीटरांवर अवलंबून. जोडीदार दिसलाच नाही, तर त्याची हवा संपत आलीय हे कळणार कसं?

आता गोडं पाणी. परदेशात लोक बिनधास्त तळ्यांत डायव्हिंग करतात. इंग्लंडमध्ये तर पाण्यानं भरलेल्या जुन्या दगडखाणींत शिकवण्या चालतात. गोड्या पाण्याचा फंडा थोडा वेगळा. खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे समुद्रात आपण जास्त तरंगतो. कमरेला शिशाची जी वजनं बांधतात, ती तळ्यात दोन-अडीच किलोनं कमी लागतात. प्रवाळ नाहीत, रंगीबेरंगी मासे नाहीत, पण लाटाही नाहीत आणि भरती-ओहोटीची कटकटही नाही. मग आपल्याकडे एवढी तळी, एवढी धरणं असताना तिथे कुणीच का उतरत नाही?

उत्तर शोधायला मी खुलताबाद निवडलं. कारण उत्तर तिथल्या दगडात आहे.

परियों का तालाब

पुण्याहून अहिल्यानगर, मग छत्रपती संभाजीनगर, आणि तिथून दौलताबादचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर. ऑक्टोबरात गेलात तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागलेल्या असतात. गाडी थांबवा. घासाघीस करू नका, ती चव त्या भावात स्वस्तच आहे.

खुलताबाद बहुतेकांना दोन कारणांनी माहीत असतं. एक, औरंगजेबाची कबर. दोन, भद्रा मारुती. हा मारुती झोपलेला आहे, आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून हजारो लोक चालत त्याच्या दर्शनाला येतात. मधल्या बाकीच्या गावाकडे फारसं कुणी बघत नाही. सुफी संतांचे दर्गे, जुन्या वेशी, कमानी, आणि गावाच्या बाहेर सुलीभंजनच्या बाजूला एक तळं. परियों का तालाब. नावातच अर्धी जाहिरात!

तळ्याजवळ जलालुद्दीन गंज-ए-रवाँ यांचा दर्गा आहे. या भागात आलेल्या सुरुवातीच्या सुफींमध्ये त्यांचं नाव घेतात. पलीकडे सुलीभंजनच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ, जिथे संत एकनाथांनी तप केलं असं मानतात. एका बाजूला दर्गा, दुसऱ्या बाजूला दत्त, मध्ये पाणी. पाऊस नुकताच संपलेला असावा, डोंगर हिरवे असावेत आणि वारा पडलेला असावा. तसं असेल तर तिथे दहा मिनिटं गप्प बसून राहा. मोबाइल खिशात. फुकटचं मेडिटेशन.

दुरून पाणी निळं दिसतं. ते आकाश. जवळ गेलं की हिरवं. तो डोंगर आणि शेवाळ. अगदी काठावर वाकून सरळ खाली बघितलं की कळतो खरा रंग. चहात दूध जरा जास्त झाल्यासारखा.

दगड तोच, पाणी वेगळं

इथे थोडं सायन्स. बोअर नाही करणार, प्रॉमिस.

जगात डायव्हर ज्या जागेसाठी वेडे होतात, त्यातली एक आहे आइसलंडमधली सिल्फ्रा. जमिनीला पडलेली एक भेग, पाण्यानं भरलेली. पाण्याचं तापमान दोन ते चार अंश, म्हणजे फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा थंड. आणि व्हिज? शंभर मीटरच्या आसपास सांगतात. हे पाणी हिमनदीचं. वितळून ते काळ्या लाव्हाच्या खडकात शिरतं आणि त्याच्या छिद्रांमधून झिरपत, गाळलं जात, कित्येक दशकांनी सिल्फ्रात पोचतं. म्हणजे जगातला सगळ्यात भारी वॉटर प्युरिफायर लाव्हाचा आहे.

आता खुलताबादच्या डोंगराकडे बघा. तोही लाव्हाच. अख्खं दख्खनचं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर साचून झालंय. तीन-चार किलोमीटरवर वेरूळ आहे. तिथलं कैलास लेणं याच काळ्या दगडात कोरलंय. दगडाची जात एकच. मग तिकडे शंभर मीटर आणि इकडे दुधाळ चहा, असं का?

वयामुळे. आइसलंडचा लाव्हा तरुण आहे, अजून दगडच आहे. आपला म्हातारा. कोट्यवधी वर्षांच्या उन्हापावसात त्याची वरची कातडी कुजली आणि तिची माती झाली. त्यातलीच आपली कापसाची काळी माती, पावसात चपलेला किलोकिलोनं चिकटणारी. तिचे कण इतके बारीक, की दोन मायक्रॉनच्या आत येतात. दोन मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. असा कण अगदी निवांत पाण्यात सोडला, तर एक मीटर खाली बसायला त्याला साधारण तीन दिवस लागतात. त्याच्या दहावा भाग आकाराच्या कणाला जवळपास वर्ष! आणि तोवर वारा येतो, म्हशी डुंबतात, पुढचा पाऊस पडतो. कण बसायला तयार होतो आणि आपण त्याला पुन्हा उठवतो.

हे आपल्या आज्यांना पाठ होतं. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, की त्या घागरीत तुरटीचा खडा फिरवायच्या. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. गावोगावच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आजही मोठ्या प्रमाणावर हेच चालतं. पण अख्ख्या तळ्यात तुरटी कोण फिरवणार?

पठारावरच्या तळ्याचं वर्ष साधारण असं जातं. जून ते सप्टेंबर लाल-काळा लोंढा, दिसणं शून्याजवळ. दिवाळीनंतर वारा शांत, गाळ हळूहळू खाली, डिसेंबर-जानेवारीत त्यातल्या त्यात बरं. मग उन्हाळा लागला की पाणी आटतं, तापतं, काठावरचा साबण आणि जनावरांचं शेण यांच्यावर शेवाळ पोसतं आणि तळं हिरवं होतं. खोल तळ्यात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे दोन मजले होतात. खालच्या मजल्यावर प्राणवायू संपत येतो, सडक्या अंड्यांचा वास धरतो. म्हणजे व्हिजसाठी वर्षातले जेमतेम दोन महिने. तेही नशिबानं.

आणि तळाशी बसलेला गाळ म्हणजे नुसता कचरा आहे असंही समजू नका. शेतकऱ्याला विचारा. राज्य सरकारच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत २०१७ पासून तळ्यांतला गाळ उपसून शेतात पसरला जातोय. डायव्हरचा वैताग ते शेतकऱ्याचं सोनं. फक्त उपसताना तळाशी खड्डे राहतात, सरळ कडांचे. ते लक्षात ठेवा.

ताटली आणि दोरी

तळ्यात न उतरता व्हिज मोजता येतं? येतं. आणि ते साधन एका पाद्र्याचं आहे.

अँजेलो सेक्की हा इटलीतला जेझुइट धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात त्यानं पांढऱ्या तबकड्या दोरीनं सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते टिपलं. संपलं. एवढंच. पुढे तळ्यांसाठी काळ्या-पांढऱ्या चार भागांची, वीस सेंटिमीटरची तबकडी रूढ झाली. आज उपग्रहांच्या जमान्यातही शास्त्रज्ञ तीच वापरतात.

मी घरातली स्टीलची ताटली घेतली, ऑइल पेंटनं चार भाग रंगवले, मधोमध भोक पाडून सुतळी ओवली, खाली वजनाला नट-बोल्ट बांधले आणि सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. खर्च जवळपास शून्य. आईचा ओरडा धरला तर थोडा जास्त.

म्हैसमाळकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत एक पाझर तलाव आहे. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळात लोकांनी कामाच्या बदल्यात असे असंख्य तलाव बांधले, त्यांचाच हा भाऊबंद. नाव मुद्दाम देत नाही. भरावावर उभी राहून मी ताटली सोडली तेव्हा तिथे कॉलेजची पाच-सहा पोरं होती. दोघं शर्ट काढून तयार, एक मोबाइल धरून रील काढायच्या तयारीत.

'ताई, मासे धरताय का?'

'नाही. पाणी मोजतेय.'

त्यांना ते जाम आवडलं. पैजा लागल्या. कुणी म्हणालं दहा गाठी, कुणी वीस. एक गाठ बुडाली, दोन, तीन. चौथी बुडाली आणि ताटली गेली. नव्वद सेंटिमीटरही नाही. म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं, तर स्वतःची पावलं दिसणार नाहीत.

पोरं जरा गप्प झाली. मग एकानं सांगितलं, की मागच्या उन्हाळ्यात इथून गाळ नेला होता, जेसीबी पार मध्यापर्यंत गेला होता. नक्की कुठे खणलं? त्यानं हात केला, 'तिकडंच कुठंतरी.' त्याच्या मित्राला उडी मारायची होती ती जागा 'तिकडंच' होती.

एकानं तरी उडी मारलीच. पण कडेला, मित्रांनी दोरीचं टोक धरल्यावर. नैतिक विजय वगैरे काही नाही. पण बघून मारली, एवढं खरं.

डोळे मिटून जाणारे

आता तो जगण्या-मरण्याचा भाग.

स्कूबावाले नसले तरी या तळ्यांत डायव्हर उतरतात. दर पावसाळ्यात उतरतात. कुणी पोहायला गेलेला वर येत नाही, कुणी सेल्फी घेताना सांडव्यावरून घसरतो, कुणी म्हशीमागे जातो. मग फोन जातो अग्निशमन दलाला. ते पोचेपर्यंत गावातला कुणीतरी पट्टीचा पोहणारा आधीच पाण्यात असतो. बहुतेक वेळा मासेमारी करणारा.

अशा एका काकांशी तलावाच्या काठावर गप्पा झाल्या. पन्नाशी उलटलेले, जाळं विणत बसलेले. आजवर किती जणांना बाहेर काढलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी विचारलं ते डायव्हरचं नेहमीचं. खाली किती दिसतं?

'दिसतंय कशाचं? मी डोळे मिटूनच जातो. उघडे ठेवून उपयोग काय?'

मग त्यांनी हातांनी दाखवलं. तळाला गेलं की बोटं पसरून अर्ध्या गोलात चाचपायचं. गाळ मऊ लागतो, झाडाची फांदी टणक लागते, आणि कापड लागलं की कळतं. पायानं ढवळायचं नाही. ढवळलं की चिखल उठतो आणि हातालाही फसवतो.

मला तारकर्लीचं शिक्षण आठवलं, आणि नंतर वाचलेली माहिती. पोलीस आणि बचाव दलांच्या डायव्हरना जगभर जी पद्धत शिकवतात, ती हीच आहे. काठावरचा सहकारी दोरी धरतो, डायव्हर ताणलेल्या दोरीच्या टोकाला राहून अर्धगोलात चाचपत शोधतो, अर्धगोल संपला की सहकारी थोडी दोरी सोडतो, पुन्हा पुढचा अर्धगोल. बोलणं दोरीच्या झटक्यांनी. टॉर्चचा उपयोग होत नाही. घाटातल्या दाट धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच. प्रकाश गाळाच्या कणांवर आपटून परत तोंडावर येतो. पूर्ण अंधारात वर कुठे आणि खाली कुठे हेही कळेनासं होतं.

फरक एवढाच, की त्या डायव्हरकडे पूर्ण चेहरा झाकणारा मास्क असतो, राखीव हवा असते, दोरीवर प्रशिक्षित माणूस असतो. काकांकडे छातीत भरून घेतलेला एक श्वास असतो.

बुडणाऱ्याकडे वेळ मिनिटांचा असतो. स्वच्छ पाण्यात काठावरून माणूस दिसतो, सरळ त्याच्याकडे जाता येतं. नव्वद सेंटिमीटरच्या व्हिजमध्ये तो नक्की कुठे बुडाला हे शोधण्यातच ती मिनिटं जातात. आपल्या तळ्यांत माणसं दगावतात याचं एक साधं कारण हे आहे. जाणाऱ्याला तळ दिसत नाही आणि वाचवणाऱ्याला जाणारा दिसत नाही.

उंचीचा हिशेब

समजा, कुणी उद्या म्हणालं, आम्ही सिलिंडर घेऊन येतो, जानेवारीत येतो, होऊन जाऊ दे. तरी एक पेपर राहतोच. उंची.

खुलताबाद समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटरवर आहे. म्हैसमाळ हजाराच्या वर. डायव्हिंगचे नेहमीचे तक्ते समुद्रसपाटीसाठी बनवलेले असतात. ३०० मीटरच्या वरचं पाणी म्हणजे 'आल्टिट्यूड डाइव्ह', त्याचा हिशेब वेगळा. इथे हवेचा दाबच मुळात दहाएक टक्क्यांनी कमी. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर आल्यावर बुडबुड्यांच्या रूपात जास्त सहज सुटतो. सोड्याची बाटली भसकन उघडल्यासारखं. त्यातून सांधे धरण्यापासून लकवा भरण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

हा हिशेब खुलताबादपेक्षा तुमच्या तारकर्ली ट्रिपला जास्त लागू आहे. दुपारी डाइव्ह, संध्याकाळी घाट चढून पुणे, असा प्लॅन करताय? आंबोलीची उंची सातशे मीटरच्या आसपास आहे. एका डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान बारा तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर अठरा तास थांबा, असं सांगतात. घाट म्हणजे विमान नव्हे, पण उंची ती उंचीच. इन्स्ट्रक्टरला स्पष्ट विचारा. रात्री तिथेच मुक्काम, सकाळी घाट, हा सगळ्यात सोपा उपाय. शिवाय एक सुरमई थाळी जास्त मिळते.

स्वच्छ पाणी आहे, पण दगडात

म्हणजे खुलताबादच्या लाव्हानं आपल्याला काहीच दिलं नाही का? दिलं ना. ते शोधणारा माणूस खुलताबादमध्येच झोपलाय.

मलिक अंबर. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा, पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. नवं शहर वसवायचं तर पाणी हवं. तळी उन्हाळ्यात आटतात, पावसाळ्यात गढूळ होतात. म्हणून त्यानं उघड्या पाण्याऐवजी डोंगराच्या पोटातल्या पाण्याकडे नजर टाकली. दगडाच्या भेगांतून झिरपून आलेलं पाणी जमिनीखालच्या मार्गानं शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. त्याच्यानंतरही शहरात अशा नहरी होत राहिल्या. पाणचक्कीचं पाणीही असंच डोंगरातून येणारं. म्हणजे सिल्फ्राचा फिल्टर आपल्याकडे सतराव्या शतकापासून वापरात होता. फक्त त्यात पोहायचं नव्हतं, प्यायचं होतं.

१६२६ मध्ये अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. औरंगजेबाच्या कबरीला जाणाऱ्या गर्दीतले फार थोडे तिकडे वळतात. तुम्ही वळा.

आणखी एक गंमत. मोजलेल्या तळ्यांमध्ये जगातलं सगळ्यात स्वच्छ मानलं जाणारं पाणी न्यूझीलंडच्या ब्लू लेकमध्ये आहे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा तिथे सत्तर ते ऐंशी मीटर दिसत होतं. तेही पाणी दगडगोट्यांतून गाळून आलेलं. पण तिथे डायव्हिंगला जाल तर काठावरच थांबवतील. स्थानिक माओरी लोकांसाठी ते तळं पवित्र आहे, पाण्यात हातही घालू नका अशी विनंती असते. लोक चालत जातात, काठावर बसतात, बघतात आणि परत येतात. उत्तम व्हिजिबिलिटी आणि डायव्हर शून्य!

परियों का तालाब काठावरूनच बघायचा, हे मला त्यामुळे अजिबात कमी वाटत नाही.

जाणार असाल तर…

\* ऑक्टोबर ते जानेवारी बेस्ट. शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी असते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद.

\* एक दिवस दौलताबाद, खुलताबाद, सुलीभंजन, दुसरा दिवस वेरूळ आणि म्हैसमाळ. संभाजीनगरात परतल्यावर नान-खलिया चुकवू नका. व्हेज मंडळींसाठी सीताफळ आहेच.

\* पावसाळ्यात गेलात तर वेरूळच्या एकोणतीस क्रमांकाच्या लेण्याजवळचा धबधबा लांबूनच बघा. खालच्या कुंडात उतरायचा मोह नको.

\* कुठल्याही तळ्याच्या काठावर पोचलात की आधी पाण्यात बघा. गुडघ्याएवढ्या पाण्यात पाऊल दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. सूर तर कधीच मारू नका. इथून गाळ काढला होता का, हे गावात विचारा. हा प्रश्न कुणी ट्रिपच्या लिस्टमध्ये लिहीत नाही, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

\* पोहता येत असलं तरी बुडणाऱ्यामागे उडी मारू नका. तो तुम्हाला मिठी मारेल आणि दोघंही जाल. दोरी, ओढणी, लांब काठी, झाकण बंद केलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. ११२ किंवा १०१ ला फोन करा. आणि माणूस शेवटचा जिथे दिसला, त्या जागेवरची नजर हटवू नका. समोरच्या काठावरचं झाड, दगड, खांब, काहीतरी खूण पक्की धरा. काठावर तुमच्याइतका उपयोगी दुसरा कुणी नसेल, कारण पाण्यात उतरणाऱ्याला खाली काहीही दिसणार नाहीये.

\* ताटली आणि सुतळी बॅगेत टाका. वजन काहीच नाही. पोरं जमतात, पैजा लागतात, आणि उडी मारायच्या आधी दोन मिनिटं सगळे पाण्याकडे नीट बघतात. तेवढं पुरतं.